गरोदर बाईला दारूबद्दल सरळ सांगा, मध्ये संस्कृती आणू नका

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा महाराष्ट्रात केवढं भांडण पेटलं होतं ते आठवत असेल. एका बाजूचे म्हणत होते महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करायला निघालेत, संतांच्या भूमीत हे चालणार नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते वाईन म्हणजे दारू नव्हेच मुळी, द्राक्षवाल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतायत तर तुमच्या पोटात का दुखतं. तेव्हापासून बघतेय, दारूबद्दलची आपल्याकडची कुठलीही चर्चा घ्या, ती फिरून याच दोन ठिकाणी येऊन अडकते. आणि त्यातून कधी कुणी गरोदरपणात दारू पिण्याचा विषय काढलाच, एखाद्या डॉक्टरने चार वाक्यं सांगितली, की तेच दोन गट परत हजर. एक म्हणतो आजकालच्या मुलींना लाज उरली नाही, आमच्या आज्यांना हे सांगावं लागलं नाही. दुसरा म्हणतो तिचं शरीर, तिची मर्जी, तुम्ही कोण सांगणारे, आणि तसंही आपल्याकडे बायका पितात किती. या सगळ्यात जिला दिवस गेलेत तिला काय कळायला हवं होतं, ते कुणीच सांगत नाही.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकते. गरोदरपणात दारू घेऊ नये, बिअर नाही, वाईन नाही, ताडी नाही, हे प्रत्येक बाईला, तिच्या नवऱ्याला आणि तिच्या सासूबाईंनाही स्पष्ट मराठीत सांगितलं गेलं पाहिजे, दवाखान्यात, अंगणवाडीत आणि बाटलीवरसुद्धा. आणि सांगताना त्याच्यासोबत संस्कार, लाज, बदनामी, शिक्षा यातलं काहीही यायला नको. ही दोन वेगवेगळी मतं नाहीत. दुसरं केल्याशिवाय पहिलं होतच नाही, हे मला इथे पटवायचंय.

आधी नुकसान काय होतं ते नीट बोलू कारण भांडणात नेमकं तेच राहतं. आई जे पिते त्यातलं अल्कोहोल वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जातं आणि थोड्याच वेळात दोघांच्या रक्तातलं प्रमाण जवळपास सारखं होतं. फरक एवढाच की आईचं यकृत ते निपटवू शकतं, बाळाचं यकृत अजून त्या कामाला तयारच झालेलं नसतं, शिवाय गर्भजलातही ते रेंगाळतं. चेहरा, हृदय, हातपाय हे सगळं पहिल्या तीन महिन्यांत घडतं पण मेंदू पहिल्या आठवड्यांपासून थेट बाळंतपणापर्यंत घडत असतो, त्यामुळे "आता चौथा महिना लागला, आता चालतं" या समजुतीला काहीही आधार नाही. ज्या मुलांना सगळ्यात जास्त फटका बसतो त्यांच्या चेहऱ्यावर खुणा दिसतात, डोळ्यांच्या फटी लहान, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ एकदम पातळ, वजन-उंची कमी. याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम म्हणतात. पण अशी मुलं थोडी. त्यांच्या कितीतरी पट मुलं अशी असतात ज्यांचा चेहरा अगदी तुमच्याआमच्या मुलांसारखा असतो आणि जे बिघडलंय ते सगळं आत असतं. लक्ष लागत नाही, काल शिकवलेलं आज आठवत नाही, गणित डोक्यात शिरत नाही, केल्याचा परिणाम काय होईल हे कळत नाही, राग आवरत नाही. आता सांगा, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा साठ मुलांच्या कॉन्व्हेंटच्या वर्गात अशा मुलाला काय म्हणतील? ढ म्हणतील, वांड म्हणतील, आईने लाडावून ठेवलाय म्हणतील. हा त्रास आयुष्यभराचा असतो, बरा होत नाही, लवकर ओळखला तर मुलाला बरीच मदत मात्र करता येते. आपल्याकडे तो ओळखलाच जात नाही कारण तो प्रश्नच कुणी त्या आईला विचारलेला नसतो. 2017 मध्ये जगभराच्या अभ्यासांवरून एक अंदाज काढला गेला, गरोदरपणात पिणाऱ्या दर 67 बायकांमागे एका बाळाला पूर्ण स्वरूपातला सिंड्रोम होतो, आणि सौम्य-तीव्र सगळे प्रकार धरले तर दर 13 बायकांमागे एकाला. म्हणजे प्रत्येक बाळाचं नुकसान होतंच असं नाही, हेही त्याच आकड्यात आहे, आणि ते लपवायचं कारण नाही.

आणि वाईन म्हणजे दारू नव्हे, या वाक्याने तर खरंच घात केलाय. हिशेब करून बघा. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 12 टक्केवाली वाईन 150 मिलीच्या ग्लासात भरली की झाले 14 ग्रॅम. आणि स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली, 8 टक्केवाली, तिच्यात 40 ग्रॅम, म्हणजे चार पेग. बाळाला जे पोचतं ते अल्कोहोल पोचतं, ते द्राक्षाचं होतं का मळीचं हे त्याला कळत नाही. "मी दारूला हात लावत नाही, फक्त कधीतरी बिअर" म्हणणारी मुलगी खोटं बोलत नसते, तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता इतिहासाकडे या, कारण हा विषय आपण आज जसा हाताळतोय तसाच तो आधीही हाताळला गेलाय आणि त्याची किंमत कुणी दिली ते लिहून ठेवलेलं आहे. लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्वस्त जिनचा सुळसुळाट झाला होता, तेव्हा 1726 मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संस्थेने पार्लमेंटला कळवलं होतं की या जिनमुळे अशक्त, रोगट मुलं जन्माला येतायत. 1899 मध्ये लिव्हरपूलच्या तुरुंगातल्या विल्यम सलिव्हन नावाच्या डॉक्टरने 120 दारूड्या बायकांच्या बाळंतपणांची माहिती काढली. त्यांची मुलं त्यांच्याच न पिणाऱ्या नातेवाईक बायकांच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त दगावत होती, पण त्याला अजून एक दिसलं, यातली जी बाई गरोदरपणात तुरुंगात अडकली, जिथे दारू मिळत नव्हती, तिचं ते मूल जगण्याची शक्यता वाढत होती. एवढा स्वच्छ पुरावा. मग पुढे काय झालं? ही माहिती दारूबंदीवाल्यांच्या आणि वंशशुद्धीवाल्यांच्या हातात पडली. त्यांनी तिच्याभोवती पाप, नीती, कुळाची शुद्धता असं सगळं गुंडाळलं. 1933 मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली, लोकांना त्या प्रवचनांचा वीट आला होता, आणि मग शास्त्रज्ञांनी प्रवचनासोबत माहितीही फेकून दिली. हे सगळं जुन्या नीतिवाद्यांचं खूळ होतं असं चांगल्या चांगल्या लोकांनी लिहून टाकलं. त्याचा शेवट कुठे झाला माहितीये? 1960 आणि 70 च्या दशकात अमेरिकेत डॉक्टर स्वतः गरोदर बायकांना शिरेतून अल्कोहोल देत होते, वेळेआधीच्या कळा थांबवायला. ती त्या काळातली मान्यताप्राप्त ट्रीटमेंट होती.

1968 मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमवान या डॉक्टरने पिणाऱ्या आईबापांच्या 127 मुलांचं वर्णन छापलं, ते कुणी फारसं वाचलं नाही. 1973 मध्ये सिएटलमधल्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या दोघांनी त्याला नाव दिलं तेव्हा कुठे जग ऐकायला लागलं. 1726 ते 1973, मोजा. माहिती अधूनमधून सापडत होती आणि दरवेळी नीतीच्या गोंगाटात हरवत होती.

म्हणून मला महाराष्ट्राची काळजी वाटते कारण दारू आणि नीती यांची गाठ आपल्याइतकी घट्ट फार कमी ठिकाणी असेल. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आजही आहे, कागदोपत्री प्यायला परमिट लागतं. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून बंदी, गडचिरोलीत 1993 पासून, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. गावागावात बायकांनी उभी बाटली आडवी बाटली मतदान करून दुकानं बंद पाडली, त्या बायकांबद्दल मला मनापासून आदर आहे, नवऱ्याच्या मारापासून आणि उपाशी पोरांपासून निघालेला तो लढा होता. पण त्या लढ्यामुळे आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं, पिणारा पुरुष आणि भोगणारी बाई. या चित्रात पिणाऱ्या बाईला जागाच नाही. ती एकतर सिनेमातली वाया गेलेली मुलगी, नाहीतर आपल्यातली नसलेली कुणीतरी. मग दवाखान्यात तिला कोण विचारणार? पहिल्या तपासणीला विचारतात पाळी कधी चुकली, शुगर आहे का, बीपी आहे का, घरात कुणाला जुळं आहे का. दारूचं विचारलंच तर "मिस्टर घेतात का" असं. चांगल्या घरातल्या बाईला असं कसं विचारायचं, हा संकोच डॉक्टरलाही असतो. आणि हा संकोच दाखवून आपण तिला मान देतोय असं सगळ्यांना वाटतं.

विरुद्ध बाजूचे मुद्दे हलके नाहीत, एकेक घेऊ.

पहिला, आपल्याकडे बायका पितातच किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21, महाराष्ट्रातल्या 15 वर्षांवरच्या 0.4 टक्के बायका दारू घेतात असं आलंय, पुरुष 13.9 टक्के. मग 0.4 टक्क्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? मुद्दा बरोबर आहे, आपण रशिया किंवा आयर्लंड नाही. पण दोन गोष्टी. एक म्हणजे हा आकडा घरी आलेल्या अनोळखी माणसाला दिलेल्या उत्तरांचा आहे, आणि ज्या समाजात "पिणारी बाई" ही शिवी आहे तिथे खरं उत्तर किती जणी देतील? दुसरं, सरासरी म्हणजे सगळीकडे सारखं नव्हे. त्याच सर्वेक्षणात शेजारच्या गोव्यात बायकांचं प्रमाण 5.5 टक्के आहे, अरुणाचलात 24. महाराष्ट्रातही डहाणू-पालघरकडची ताडी, गडचिरोलीतली मोहाची, पुण्या-मुंबईतल्या ऑफिस पार्टीतली वाईन, हे तीन वेगळे प्रदेश आहेत आणि त्यातल्या एकाचंही चित्र 0.4 मध्ये दिसत नाही. आणि समजा आकडा अगदी खरा धरला तरी राज्यात वर्षाला 18-20 लाख बाळंतपणं होतात, त्याचे 0.4 टक्के म्हणजे सात-आठ हजार. हिशेब कच्चा आहे, त्यातल्या बऱ्याच जणी दिवस गेल्यावर आपणहून सोडतही असतील. पण या बायका वर्षानुवर्षं पितात आणि त्यांना एक वाक्य सांगायला सरकारला जवळजवळ काही खर्च नाही, तर न सांगण्याचं कारण काय उरतं? पोलिओचे पेशंट कमी झाले म्हणून आपण डोस बंद केले का?

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, त्याच सर्वेक्षणात 52 टक्के. महाराष्ट्रात दारूपेक्षा मिश्री लावणाऱ्या गरोदर बायका कितीतरी जास्त, आणि तंबाखूनेही बाळाचं वजन घटतं. लोहाच्या गोळ्या नीट पोचत नाहीत तिथे हे शहरी फॅड कशाला? ज्या लोकांनी गावात काम केलंय तेच हा प्रश्न विचारतात, त्यामुळे तो टाळता येत नाही. पण यात एक गृहीत चुकतंय, दारूचं नुकसान शहरी आणि खात्यापित्या घरात होतं हे. जगात याचा सगळ्यात भयंकर फटका कुठे बसलाय? दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमध्ये, द्राक्षमळ्यांवर राबणाऱ्या मजुरांच्या वस्त्यांत. तिथे पिढ्यानपिढ्या मजुरीचा एक भाग वाईनच्या रूपात द्यायची पद्धत होती, डॉप सिस्टिम म्हणायचे तिला. पद्धत कायद्याने बंद झाली, सवय राहिली. तिथल्या काही भागांत पहिलीतल्या शंभर मुलांमागे दहाहून जास्त मुलांना या दारूचा कायमचा फटका बसलेला सापडलाय. आणि तिथल्याच अभ्यासांत दिसलं की आई जितकी कमी वजनाची, जितकी अर्धपोटी, तितकं तेवढ्याच दारूने नुकसान जास्त. म्हणजे रक्त कमी असणं हे दारूबद्दल न बोलण्याचं कारण कसं होईल? रक्त कमी असलेल्या बाईलाच ते आधी सांगायला हवं. आणि मिश्रीचं म्हणाल तर एकाच प्रश्नात दोन्ही येतं, मिश्री-तंबाखू लावता का आणि दारू-ताडी घेता का, त्याच आशाताई, तेच कार्ड, तीच भेट.

तिसरा मुद्दा शिकलेल्या लोकांकडून येतो आणि तो शास्त्राचा आहे. थोडीशी, म्हणजे आठवड्याला एखादा ग्लास घेतल्याने नुकसान होतं हे सिद्ध कुठे झालंय? खरं आहे, झालेलं नाही. ब्रिटनमध्ये हजारो मुलांच्या मागे लागून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात गरोदरपणी आठवड्याला एक-दोन ड्रिंक घेतलेल्या आयांची मुलं पाचव्या वर्षी मागे पडलेली दिसली नाहीत. हे मान्य करायला जड जायचं कारण नाही. पण त्या आया कोण होत्या तेही बघा, तिकडे हलकं पिणाऱ्या बायका बहुतेक करून जास्त शिकलेल्या, जास्त पगाराच्या, घरात पुस्तकं असलेल्या, आणि या सगळ्याचा मुलाच्या अभ्यासावर जो चांगला परिणाम होतो त्यात थोडंसं नुकसान सहज झाकलं जातं. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही. शिवाय प्रत्येक बाईचं शरीर अल्कोहोल वेगळ्या वेगाने जाळतं, आणि आपल्याकडे "एक ग्लास" म्हणजे किती हे कुणी मोजत नाही. म्हणून 2016 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही आधीची गुळमुळीत भाषा सोडून सांगितलं की अजिबात न घेणं सगळ्यात सुरक्षित. माझा आग्रह एवढाच की वाक्य खरं असावं. "एका थेंबानेही बाळ मतिमंद होतं" हे खोटं आहे. "किती घेतली तर चालते हे कुणालाच माहीत नाही, म्हणून घेऊ नका" हे खरं आहे. पहिलं वाक्य जास्त घाबरवतं म्हणून ते जास्त उपयोगी असं समजणारे लोक त्या मुलीचा विचार करत नाहीत जिला सहाव्या आठवड्यात कळतं की दिवस गेलेत आणि मागच्याच पंधरवड्यात मैत्रिणीच्या लग्नात तिने दोन ग्लास घेतलेत. ती रात्रभर झोपत नाही, कुणाला विचारू शकत नाही, काही जणी तर बाळ पाडायचा विचार करतात. तिला सांगायला पाहिजे की आजपासून थांब, डॉक्टर मॅडमना मोकळेपणाने सांग, बहुतेक बाळं अशा वेळी ठीक असतात, केवळ एवढ्यावरून गर्भपात करायची गरज नाही, मेंदू पुढचे सगळे महिने घडणार आहे म्हणून आज थांबल्याचाही फायदा आहे. हे तिला घाबरवून सांगता येईल का? नाही ना.

चौथा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, बाईच्या शरीरावर पाळत. हा धोका काल्पनिक नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सल्ला दिला की ज्या बायका गर्भनिरोधक वापरत नाहीत त्यांनी दारूच घेऊ नये, गरोदर असोत नसोत. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मसुद्यात मूल होण्याच्या वयातल्या सगळ्याच बायकांची दारू रोखण्याची भाषा आली. दोन्ही वेळा बायका चिडल्या आणि त्यांचं बरोबर होतं, बाई म्हणजे कायम भरायची वाट बघणारं गर्भाशय, असा त्याचा अर्थ निघत होता. अमेरिकेत काही राज्यांत गरोदरपणातल्या नशेसाठी बायकांना तुरुंगात टाकलंय. ब्रिटनमध्ये 2014 मध्ये एका मुलीच्या बाजूने कोर्टात मांडलं गेलं की आईचं पिणं हा तिच्यावर केलेला गुन्हा समजावा, अपील कोर्टाने ते नाकारलं. नाकारलं म्हणून बरं झालं, कारण उद्या गुन्हा ठरला असता तर एकही पिणारी बाई दवाखान्यात खरं बोलली नसती, आणि जिला सगळ्यात जास्त मदत हवी तीच सगळ्यात आधी तपासणीला यायची बंद झाली असती.

पण म्हणून गप्प बसायचं? इथे स्वातंत्र्यवाल्या मित्रांशी माझं भांडण आहे. माहिती नसलेल्या माणसाचा निर्णय हा निर्णय कसा? 1921 मध्ये र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं गेलं की सभ्य बायकांसमोर हे बोलायचं नसतं. त्यांची प्राध्यापकी गेली, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा कर्व्यांच्या बाजूचे लोक म्हणत होते की बाईला तिच्या शरीराबद्दल कळलं पाहिजे. आज आपण त्याच बाजूचे म्हणवतो आणि तिच्या पोटातल्या बाळापर्यंत काय पोचतं हे तिला सांगणं मात्र आपल्याला अपमान वाटतो, हे कसं?

बाईला गुन्हेगार न करता तिच्या गरोदरपणाबद्दल ठाम भूमिका घेता येते याचं उदाहरण तर आपल्याच घरात आहे. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, 1994 मध्ये देशाचा आला. त्या देशाच्या कायद्यात एक फार शहाणी तरतूद आहे, गर्भवतीने तपासणी करून घेतली तरी तिच्यावर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असं कोर्टाने आधी धरून चालायचं. कायदा डॉक्टरवर, सेंटरवर, घरच्यांवर कडक, बाईवर नाही. दारूच्या बाबतीत तर कायद्याचीही गरज नाही, पण तीच नजर हवी. तिच्या हातात ग्लास कुणी दिला, घरात बाटली कुणी आणली, ती ताडी उतरवून विकते तर उरलेली कोण पाजतं, मार खाल्ल्यावर ती झोप यायला घेते का, हे विचारल्याशिवाय तिला "सोड" म्हणण्याला अर्थ नाही. नवऱ्याला वगळून केलेली कुठलीही जनजागृती मला अर्धवट वाटते. नऊ महिने घरात बाटली न आणणं त्याला अशक्य आहे का? सोनोग्राफीला सोबत येतो तेव्हा डॉक्टरांनी हे त्याच्याकडे बघून का सांगू नये?

आदिवासी भागात तर जास्तच जपून बोलायला हवं. मोह तिथे देवाच्या पूजेत आहे, लग्नात आहे, मयतीत आहे, पाहुण्याच्या स्वागतात आहे. बाहेरून गाडी भरून गेलेल्या माणसांनी तिथे "दारू वाईट" असं भाषण ठोकलं की लोकांना ते आपल्या देवावर आलेलं वाटतं, आणि वाटणारच. पण तिथल्याच सुईणीने, तिथल्याच आशाताईने तिच्या बोलीत सांगितलं की पोटुशी असेपर्यंत मोहाची घेऊ नको, फुलं भाजून, लाडू करून खा, तर ऐकलं जाईल. आणि आपण शहरातल्यांनी तरी कुठल्या तोंडाने सांगायचं, आपल्याकडेही सर्दीला चमचाभर ब्रँडी चालतेच, गोव्यात फेणीने छाती चोळतात आणि थोडी पाजतातही. आसव-अरिष्टांच्या बाटलीवर स्वयंनिर्मित अल्कोहोल किती टक्के ते छापलेलं असतं, ते वाचून गरोदरपणात वैद्यांना विचारूनच घ्यावं एवढं तरी घरात माहीत असावं.

बाटलीवरच्या इशाऱ्याचं म्हणाल तर आपल्याकडे एप्रिल 2019 पासून दारूच्या बाटलीवर आरोग्याला घातक आणि पिऊन गाडी चालवू नका एवढं छापणं सक्तीचं आहे, गरोदरपणाचा शब्द नाही. अमेरिकेत तो 1989 पासून आहे, फ्रान्समध्ये 2007 पासून गरोदर बाईचं चित्र आहे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने 2023 पासून लाल रंगात ठळक केलं. लेबलने चमत्कार होत नाही, अमेरिकेतला अनुभव असा की हलकं पिणाऱ्या थोड्या कमी झाल्या, जास्त पिणाऱ्या तशाच राहिल्या. चित्र तरीही हवं कारण ते न वाचता येणाऱ्या बाईला कळतं आणि तिच्या नवऱ्यालाही कळतं, पण त्यावर काम संपलं असं सरकारने समजू नये.

खरं काम पहिल्या तपासणीत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते, माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येकीच्या हातात असतं. तिथे बाईला एकटीला बसवून, सासूबाई आणि नवरा बाहेर असताना, सगळ्यांना विचारतात तसंच विचारायचं: "गेल्या तीन महिन्यांत बिअर, वाईन, ताडी, मोहाची, देशी असं काही घेतलंत का?" सगळ्यांना विचारलं की कुणालाच लागत नाही. "हो" म्हणाली तर चेहरा बदलायचा नाही, ओरडायचं नाही, कार्डावर घरच्यांना दिसेल असं लिहायचंही नाही. कधीमधी घेणारीला समजावून सांगितलेलं पुरतं. पण जी रोज घेते, जिचे सकाळी हात थरथरतात, तिला "आजपासून बंद" म्हणून घरी पाठवणं धोक्याचं आहे, अचानक सोडल्याने फिट येऊ शकते, आईलाही आणि बाळालाही त्रास, तिला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावं लागतं. आणि गाडं इथेच अडतं. व्यसनमुक्ती केंद्रं बहुतेक सगळी पुरुषांसाठी, बायकांची वेगळी सोय असलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि गरोदर बाई म्हटली की तिथलेही म्हणतात आधी बाळंत होऊन या. बाळंतपणाच्या वॉर्डात विचारलं तर ते म्हणणार हा मानसोपचाराचा पेशंट. जिल्हा रुग्णालयात दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, तरी या दोघांनी मिळून अशा बाईसाठी दोन खाटा ठेवायच्या हा आदेश निघाल्याशिवाय आशाताईने तो प्रश्न विचारावा तरी कुठल्या भरवशावर, आणि उत्तर "हो" आलं तर त्या बाईला घेऊन तिने जायचं कुठे?